कवटी न उघडता

बंगळुरूच्या दक्षिणेला जयनगरची आखणी झाली ती 1948 मध्ये. महाराज जयचामराज वडेयर यांचं नाव घेतलेली ही वसाहत तेव्हाच्या शहराच्या हद्दीवर होती. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, क्रमांकानं ओळखले जाणारे ब्लॉक आणि उभारणीची खूण म्हणून अशोकस्तंभ. आज जयनगर शहराच्या पोटात आहे. चौथ्या ब्लॉकमधून टिळकनगर, भैरसंद्र ओलांडून पूर्वेकडे निघालं की हॉस्पिटलांची रांगच लागते: हृदयाचं जयदेव, हाडांचं आणि अपघातांचं संजय गांधी, कर्करोगाचं किदवई. या साऱ्यांच्या पलीकडे, होसूर रस्त्याला भिडलेलं, दाट झाडीचं आवार आहे निम्हान्सचं.

मराठी घरांत एकेकाळी 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' असं रागानं म्हटलं जायचं, तसंच बंगळुरूत निम्हान्सचं नाव घेतलं जातं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था या लांबलचक नावातला 'मानसिक' हा शब्दच लोकांच्या तोंडी राहिला. पण रात्री अकरानंतर तिथल्या कॅज्युअल्टीच्या दाराशी थांबणाऱ्या रुग्णवाहिका वेगळंच सांगतात. त्यांतून उतरणारे बरेचसे लोक तासा-दोन तासांपूर्वी धडधाकट होते. मोटरसायकल घसरली, बांधकामावरून पाय निसटला, जिन्यात तोल गेला. डोक्याला मार आहे, कवटी शाबूत दिसते आहे, आणि आत काय चाललं आहे ते बाहेरून कळायला हवं आहे. मेंदूच्या अतिदक्षतेचा सगळा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो.

या संस्थेचं मूळ 1847 मधलं. म्हैसूर आयोगाच्या सेवेतले शल्यवैद्य चार्ल्स अर्व्हिंग स्मिथ यांनी बंगळुरूत वेड्यांचं इस्पितळ सुरू केलं. त्या काळच्या अशा इस्पितळांकडे औषधं फारशी नव्हतीच. होतं ते निरीक्षण: रुग्ण झोपला किती, खाल्लं किती, बोलला काय, झटका आला का. 1925 मध्ये 'असायलम' हे नाव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आलं. डॉ. फ्रँक नरोन्हा यांच्या कारकिर्दीत, 1930 च्या दशकात, ते आजच्या जागी नव्या इमारतींत आलं. त्यांच्यानंतर आले डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी. मनाचा आजार आणि मेंदूचा आजार एकाच छपराखाली तपासायला हवा, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. 1954 मध्ये सरकारनं नेमलेल्या भोर समितीच्या शिफारशीतून तिथेच अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले.

हा निर्णय नसता झाला, तर जयनगरच्या शेजारी एक जुनं मनोरुग्णालय तेवढं उरलं असतं. पण 1950 च्या दशकाच्या अखेरीस मेंदूशल्यविशारद डॉ. आर. एम. वर्मा आणि मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. एस. मणी तिथे आले, आणि मनोरुग्णांच्या वॉर्डांशेजारी डोक्याला मार लागलेल्यांच्या खाटा पडू लागल्या.

मणींच्या कामातली एक हकीकत इथे सांगायलाच हवी, कारण कवटीबाहेरून मेंदूकडे बघण्याची सवय या संस्थेत कशी रुजली ते तिच्यातून दिसतं. दक्षिण कर्नाटकात कढत पाण्यानं डोक्यावरून न्हाण्याची रीत आहे. तांब्यामागून तांब्या भराभर ओतला जातो. या न्हाण्यातच काही लोकांना फेफरं येई, एरवी नाही. 1968 मध्ये मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि गरम पाण्याच्या अपस्माराला वैद्यकीय वाङ्मयात जागा मिळवून दिली. पुढे डॉ. पी. सतीशचंद्र यांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं. डोक्याला चिकटवलेल्या तारा, कागदावर उमटणारी मेंदूलहरींची वळणं आणि घरच्यांनी सांगितलेली न्हाणीघरातली हकीकत, एवढ्या साधनांवर हा आजार उलगडला. हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 मध्ये माणसाच्या मेंदूचे विद्युत्प्रवाह पहिल्यांदा कागदावर उतरवले होते. तोच आलेख इथे कर्नाटकातल्या एका घरगुती रिवाजाची उकल करत होता.

डोक्याच्या दुखापतीत मात्र ही सवड नसते.

कवटी म्हणजे गच्च भरलेला, झाकण न उघडणारा डबा. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतालचं पाणी यांनी तो काठोकाठ भरलेला असतो. एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्ये आणि जॉर्ज केली यांनी 1824 मध्ये मांडलेलं सूत्र एवढंच सांगतं की आत एका गोष्टीचं आकारमान वाढलं तर दुसरीला जागा सोडावी लागते. आत रक्त साचू लागलं की आधी पाणी हटतं, मग शिरांमधलं रक्त हटतं. हटायला काही उरत नाही तेव्हा दाब झपाट्यानं चढतो. म्हणूनच डोक्याला मार लागलेला माणूस तासभर नीट बोलतो, पाणी मागतो, 'मला काही झालेलं नाही' म्हणतो आणि मग बघता बघता बेशुद्ध होतो. कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचलेल्यांत ही मधली शुद्ध अनेकदा दिसते. नातेवाइकांना ती सुधारणा वाटते. घरी नेलेल्या किती माणसांना या तासाभरानं दगा दिला असेल, याचा हिशोब कुठल्याही दप्तरात सापडायचा नाही.

आतल्या दाबाच्या बाहेरच्या खुणा एकोणिसाव्या शतकातच हाती आल्या होत्या. एका बाजूची डोळ्याची बाहुली मोठी होणं आणि उजेडाला न आकसणं ही त्यांतली मोठी खूण: फुगलेला मेंदू बाहुली आकसवणाऱ्या मज्जातंतूला चेपतो म्हणून तसं होतं. 1901 च्या आसपास तरुण हार्वी कुशिंग यांनी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की कवटीतला दाब वाढला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते. टॉर्च, रक्तदाबाची पट्टी आणि मनगटावरची बोटं ही मेंदूच्या अतिदक्षतेची पहिली यंत्रं. ती आजही कुठल्या वॉर्डातून हद्दपार झालेली नाहीत.

दाब थेट मोजायचा तर कवटीला भोक पाडावं लागतं. स्वीडनमधल्या लुंडचे निल्स लुंडबर्ग यांनी 1960 मध्ये मेंदूच्या पोकळीत बारीक नळी ठेवून तासन्‌तास दाबाचा आलेख घेतला. बाहेरून शांत पडलेल्या रुग्णाच्या डोक्यात दाबाच्या लाटा उसळतात, पाच-दहा मिनिटं टिकतात आणि ओसरतात, हे त्यांनी जगाला दाखवलं. ती नळी आजही सर्वांत भरवशाची मानली जाते. पण तिला शल्यविशारद लागतो, निर्जंतुक खोली लागते, रक्त गोठण्याची शक्ती ठीक असावी लागते. संसर्गाची भीती असतेच. आणि पैसे लागतात. श्रीमंत देशांत नळी हा नेम झाला. बाकीच्या जगात डॉक्टर आणि नर्स बाहेरूनच बघत राहिले.

त्या बघण्याला शिस्त आली 1974 मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षी 27 डिसेंबरला जुनं मेंटल हॉस्पिटल आणि अखिल भारतीय संस्था एक होऊन निम्हान्स जन्माला आली. त्याच्या पाच महिने आधी, 13 जुलैच्या 'लॅन्सेट'मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांचा एक आटोपशीर लेख आला होता. तोवर बेशुद्धीचं वर्णन ज्याचं त्याचं असे. 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत', 'खोल कोमात' असे शेरे संध्याकाळच्या डॉक्टरानं लिहावेत आणि रात्रपाळीच्या डॉक्टराला त्यांतून काही कळू नये. ग्लासगोच्या जोडीनं तीनच गोष्टी बघायला सांगितल्या: डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो. प्रत्येकाच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे हालचालीच्या रकान्यात एक पायरी वाढली आणि एकूण गुण 15 झाले. सर्वांत कमी 3, आणि 8 किंवा त्याखाली गेलं की दुखापत गंभीर.

या मोजपट्टीला वीज लागत नाही. ती नर्सला शिकवता येते, फोनवर सांगता येते, रेफरलच्या चिठ्ठीवर लिहिता येते. दर पंधरा मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासानं तोच प्रश्न, नखावर तोच दाब, डोळ्यांत तोच टॉर्च. एकच आकडा फारसं बोलत नाही. 13 चे 11 झाले, हे बोलतं. मेंदूविज्ञानाच्या विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांमध्ये या कागदी तक्त्याचं नाव स्कॅन यंत्राच्या बरोबरीनं घ्यायला हवं. गरीब देशांपुरतं बोलायचं तर त्याच्याही आधी.

बंगळुरूत या मोजपट्टीची कसोटी निराळी लागते. कॅज्युअल्टीत येणारा माणूस कन्नड बोलणारा असेल, तमिळ, तेलुगू किंवा उर्दू बोलणारा असेल, बिहारहून बांधकामावर आलेला असेल, बेळगावकडचा मराठी असेल. 'तू कुठे आहेस, आज वार कोणता' हे त्याच्या भाषेत विचारलं नाही, तर शुद्धीत असलेला माणूसही गोंधळलेला ठरतो आणि त्याचे गुण विनाकारण कापले जातात. श्वासासाठी घशात नळी घातलेल्याला तर बोलताच येत नाही. त्यासाठी पुढे 2005 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधून बोलण्याचा रकानाच नसलेली दुसरी मोजपट्टी आली.

दरम्यान शहर दुचाकींनी भरून गेलं. निम्हान्सच्या साथरोग विभागाचे डॉ. जी. गुरुराज यांनी मेंदूच्या दुखापतींकडे वॉर्डाबाहेर येऊन पाहिलं. 2002 मध्ये त्यांनी भारताचं जे चित्र मांडलं, त्यात अशा दुखापतींपैकी सुमारे 60 टक्के रस्त्यावरच्या, 20 ते 25 टक्के पडण्यामुळे आणि 10 टक्क्यांच्या आसपास मारहाणीमुळे झालेल्या होत्या. ही टक्केवारी नंतर असंख्य लेखांत उद्धृत झाली. हेल्मेटच्या बाजूनं बोलताना या संस्थेकडे स्वतःच्या खाटांवरचा पुरावा होता. बंगळुरूत चालकाला हेल्मेटची सक्ती 2006 मध्ये आली, मागे बसणाऱ्याला 2016 मध्ये. कवटीच्या आत डोकावण्याची वेळच येऊ नये यासाठी झालेलं हे काम, पाळत ठेवण्याच्या कुठल्याही यंत्राइतकंच मोलाचं आहे.

संस्थेच्या आवारात मेंदूंचं संग्रहालय आहे. डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकारानं जमलेला हा संग्रह सर्वसामान्यांनाही पाहता येतो. बरण्यांमध्ये मार बसलेले, रक्त साकळलेले, एका बाजूला सरकलेले मेंदू आहेत. शाळकरी मुलं त्यांच्यापुढून जातात. हेल्मेटवरच्या दहा भाषणांचं काम तिथली एक बरणी करते, असं वाटल्यावाचून राहत नाही.

कवटीत न शिरता आत पाहणाऱ्या यंत्रांची कहाणी तुकड्यातुकड्यांनी घडली. सर्वांत मोठा पल्ला अर्थात सीटी स्कॅनचा. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डनमधल्या अॅटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. त्याआधी रक्त कुठे साचलं आहे याचा अंदाज मानेतल्या धमनीत रंगद्रव्य सोडून किंवा थेट कवटीला भोकं पाडूनच घ्यावा लागे. पण स्कॅन म्हणजे एका क्षणाचा फोटो. दोन स्कॅनच्या मधल्या सहा तासांत काय घडलं ते तो सांगत नाही. 'पाळत' हवी असते ती त्या सहा तासांसाठी.

बर्न शहर या गोष्टीत पुन्हा येतं. 1982 मध्ये नॉर्वेचे रुने आस्लिड तिथे काम करत असताना त्यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून 2 मेगाहर्ट्झचा ध्वनी सोडला आणि मेंदूच्या मधल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजला. हीच डॉपलर तपासणी. कवटीतला दाब वाढला की हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह आधी मंदावतो. आलेखातली शिखरं टोकदार होतात, दऱ्या खोल जातात. कुशिंग यांनी नाडीवरून जे ओळखलं, ते आस्लिड यांच्या यंत्रात कानाला ऐकू येऊ लागलं. काहींच्या कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की ध्वनी आत जातच नाही, ही त्याची अडचण.

डोळ्याची वाट त्याहून सोपी. डोळ्यामागच्या मज्जातंतूभोवतीचं आवरण मेंदूच्या आवरणाशी सलग असतं, म्हणून आत दाब वाढला की ते फुगतं. मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब हलकेच ठेवायचा, डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून 3 मिलिमीटर मागे त्या आवरणाची रुंदी मोजायची. साधारण 5 मिलिमीटरच्या वर गेली की डॉक्टर सावध होतात, 6 च्या आसपास गेली की काळजी वाढते. सोनोग्राफीचं यंत्र आता तालुक्याच्या ठिकाणीही असतं. त्यामुळे ही पद्धत भारतातल्या डॉक्टरांनी चटकन उचलली. निम्हान्सच्या भूल आणि मेंदू-अतिदक्षता विभागातूनही तिच्यावर आणि कानशिलावरच्या डॉपलरवर अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्यावर निर्णय फिरत असेल तर प्रोब धरणारा हात शिकलेला हवा, आणि तो हात शिकवण्याचं काम अशाच संस्था करतात.

मेंदूलहरींचा आलेखही जुन्या वापरातून नव्यात आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये सलग आलेख घेतलेल्या 570 गंभीर रुग्णांचा आढावा मांडला. त्यांच्यातल्या 19 टक्क्यांना झटके येत होते. त्या झटकेवाल्यांपैकी 92 टक्के जणांचे झटके बाहेरून दिसतच नव्हते. हात हलत नाही, पापणी फडफडत नाही, आत मात्र वादळ. तारा लावल्या नसत्या तर 'अजून शुद्ध येत नाही' एवढंच कागदावर आलं असतं.

प्रकाशाची गोष्ट 1977 ची. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योबसिस यांनी अवरक्ताजवळचा प्रकाश हाडामासातून पार जातो आणि रक्तातल्या ऑक्सिजनची खबर आणतो, हे 'सायन्स'मध्ये मांडलं. साकळलेलं रक्त हा प्रकाश जास्त शोषतं, या तत्त्वावर कपाळावर फिरवायची हातातली यंत्रं निघाली. अहमदाबादच्या बायोस्कॅन रिसर्च या कंपनीचं 'सेरेबो' हे त्यातलं भारतीय यंत्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भोपाळचं एम्स आणि निम्हान्स यांच्या सहभागातून ते पुढे आलं. 2025 मध्ये परिषदेनं जाहीर केलं, त्यानुसार डोक्यातला रक्तस्राव आणि सूज ते मिनिटभरात रंगांच्या खुणांनी दाखवतं. या जातीच्या यंत्रांची मर्यादाही नीट समजून घ्यायला हवी: प्रकाश काही सेंटिमीटरच आत जातो, खोलवरचं रक्त त्याला दिसत नाही. डाव्या-उजव्या बाजूची तुलना करून उत्तर देणाऱ्या यंत्राला दोन्हीकडे सारखंच रक्त साचलं तर चकवा बसू शकतो.

ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ सर्जियो मास्करेन्यस यांची हकीकत आणखी निराळी. 2006 च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना मेंदूत पाणी साचण्याचा आजार झाला. दाब मोजायला कवटीत शिरावं लागतं, हे त्यांना पटेना. कवटी अजिबात ताणली जात नाही हे गृहीतकच त्यांनी तपासायला घेतलं. दाबाबरोबर ती मायक्रोमीटरच्या मापानं हलते, हे दिसलं, आणि टाळूवर पट्ट्यानं बांधायचं संवेदक त्यातून तयार झालं. 2021 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं यंत्र रुग्णालयांत पोहोचलं होतं.

या सगळ्या खटाटोपाला वजन आलं ते 2012 च्या एका अभ्यासानं. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या 324 गंभीर रुग्णांपैकी निम्म्यांचा दाब नळीनं मोजून उपचार झाले, निम्म्यांचे स्कॅन आणि वारंवार केलेल्या तपासणीवरून. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 39 टक्के आणि दुसऱ्यात 41 टक्के मृत्यू झाले होते. फरक जवळजवळ नाहीच. नळी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढणं घाईचं होतं, आणि तसा इशारा अभ्यास करणाऱ्यांनीच दिला. पण शिस्तीनं, ठरलेल्या वेळी, लिहून केलेलं बाहेरचं निरीक्षण हेही खरं वैद्यकशास्त्र आहे, ही गोष्ट गरीब देशांतल्या रुग्णांनी सिद्ध केली. 2024 मध्ये तज्ज्ञांची 'ब्रसेल्स सहमती' प्रसिद्ध झाली. नळीची सोय नसेल तिथे डोळ्यामागच्या आवरणाची रुंदी, डॉपलर आणि बाहुलीची यंत्रानं केलेली मोजणी यांचा एकत्र विचार कसा करावा, हे तिनं सांगितलं. एकाच मापावर कुणी विसंबलेलं नाही.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, धारवाड असा पुणे-बंगळुरू महामार्ग सीमाभागाच्या मध्यातून जातो. त्यावर रात्री दोन वाजता पडलेल्या माणसाला निम्हान्स शेकडो किलोमीटर दूर असतं. सीटी स्कॅन जवळच्या मोठ्या शहरात असतो आणि हाताशी असतं ते एखादं ग्रामीण रुग्णालय. मिनिटभरात रक्त दाखवणाऱ्या यंत्राची खरी जागा तिथे आहे. आत रक्त असण्याची शक्यता आहे का, स्कॅनसाठी आत्ताच हलवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, कोणत्या गावाकडे गाडी वळवायची, हे तिथे ठरतं. यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर त्या रुग्णालयातल्या नर्सनं पहिला गुण किती होता, बाहुल्या सारख्या होत्या का आणि घड्याळात किती वाजले होते, एवढं चिठ्ठीवर लिहिलं, तर पुढच्या हॉस्पिटलातला मेंदूशल्यविशारद तीच ओळ आधी वाचतो आणि शस्त्रक्रियेची खोली उघडायची का, ते ठरवायला लागतो.